वकीलच दाद देत नसेल, तर दाद कुठे मागायची?

फी वेळेवर दिलेली असते, तारखांना हेलपाटे घातलेले असतात. मग एक दिवस कोर्टात कळते, की वकील हजर न राहिल्याने दावा केव्हाच काढून टाकला गेला आहे. अशा पक्षकाराला भेटेल तो एकच सल्ला देतो, ‘ग्राहक मंचात खेचा.’ हा सल्ला आता चुकीचा ठरतो. वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. वकील पक्षकाराच्या सूचनेनुसार आणि त्याच्या नियंत्रणाखाली काम करतो, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे, असे त्यामागचे कारण. कमी खर्चात, स्वतः उभे राहून दाद मागता येईल अशी जागा त्यामुळे सामान्य माणसाच्या हातून गेली, आणि त्याचे मला वाईट वाटते. तरीही इतर मार्ग शिल्लक आहेत.

मात्र तक्रारीआधी खटला वाचवा. संतापाच्या भरात नेमके हेच राहून जाते. गैरहजेरीमुळे काढून टाकलेला दावा पुन्हा दाखल करून घेण्यासाठी अर्जाची मुदत ३० दिवसांची असते. ती उलटली असेल, तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले होते. पण त्यावर विसंबून बसू नये. पक्षकार स्वतः किती जागरूक होता, हेही न्यायालये पाहतात. ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. तो क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

वकील बदलायचा तर जुन्याची एनओसी हवी, आणि तो ती देत नाही, म्हणून कित्येक जण अडकून पडतात. तो देत नसेल, तर नवा वकील कारणे सांगून न्यायालयाची परवानगी मागू शकतो. फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे. फीसाठी त्याने वेगळी दाद मागावी. फाइल तुमची आहे.

शिस्तभंगाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायची. नामांकित फर्म असली, तरी सनद व्यक्तीला मिळते. त्यामुळे तुमचे काम पाहणाऱ्या वकिलाचे नाव आणि सनद क्रमांक लिहावा. तो बहुतेकदा वकीलपत्रावर असतो. तक्रार सही आणि सत्यापनासह अर्जाच्या स्वरूपात, ठरलेले शुल्क भरून द्यायची. ती मराठीत चालते.

खटला हरलो, एवढे कारण पुरत नाही. चुकीचा सल्ला देणे वेगळे आणि अयोग्य सल्ला देणे वेगळे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र बार कौन्सिलच्याच एका प्रकरणात केला होता. प्रामाणिक चूक गैरवर्तन ठरत नाही. पक्षकाराचे पैसे स्वतःकडे ठेवणे, हिशेब न देणे, विरुद्ध पक्षाशी हातमिळवणी करणे, जिंकलेल्या रकमेत वाटा ठरवून घेणे हे मात्र गैरवर्तन आहे. आरोपाला कागदाचा आधार हवा: फीच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि कोर्टातल्या रोजनाम्याची नक्कल. वकील कोणत्या तारखेला गैरहजर होता, हे रोजनामाच सांगतो. त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही.

तक्रारीत तथ्य दिसले, तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समज, काही काळ निलंबन किंवा सनद रद्द, अशी शिक्षा होऊ शकते. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येते. नुकसानभरपाई मात्र इथे मिळत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. निष्काळजीपणाबद्दल वकिलावर दावा लावता येतो, हे १९२६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे. पैशांचा अपहार असेल, तर पोलिसांत जावे. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला मोफत वकील पैसे मागत असेल, तर त्याच प्राधिकरणाला कळवावे.

वकिलाची चौकशी वकिलांनीच करायची, ही रचना सामान्य माणसाला खटकते आणि तिच्यावरचा विश्वास वेळेवर लागणाऱ्या निकालांनीच वाढेल. कायदा राज्य कौन्सिलला एक वर्ष देतो. त्यात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. ही मुदत पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये पुन्हा बजावावे लागले. म्हणून तक्रारीच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. वर्ष तिथून मोजले जाते. आणि मधल्या काळात कोणी ‘मिटवून टाका’ म्हणून घरी आले, तर एवढे लक्षात ठेवा: केवळ तडजोड झाली किंवा तक्रारदाराने माघार घेतली, म्हणून हाती घेतलेले प्रकरण बंद करता येत नाही, असा नियमच आहे.