सीटी नॉर्मल आहे, मग हा असा का?

‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे, घरी घेऊन जा,’ डॉक्टर म्हणाले आणि मी देवाला हात जोडले. पावसात डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर माझी स्कूटी घसरली होती. माझं खरचटण्यावर निभावलं. मागे बसलेल्या दहा वर्षांच्या लेकाचं डोकं आपटलं. हेल्मेट होतं, पण ते माझ्या डोक्यावर!

चार दिवसांनी त्याला शाळेत पाठवलं आणि मग सुरू झालं. डोकं दुखतंय, ट्यूबलाइट बंद कर, कुकरची शिट्टी नको. पाढे तोंडपाठ असलेला मुलगा आठाच्या पाढ्यात अडखळू लागला, धाकटीवर हात उगारू लागला. कल्याणच्या प्रणव धनावडेने 2016 मध्ये काढलेल्या नाबाद 1009 धावांची गोष्ट ऐकून बॅट धरलेला हा पोरगा, मित्रांनी खालून हाका मारल्या तरी जागचा हलेना. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मी म्हटलं, नाटकं! परीक्षा जवळ आली ना! एकदा तर पाठीत धपाटाही घातला.

शेवटी ठाण्याला मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘हे कन्कशन. मेंदूला हादरा बसलाय. बिघाड रचनेत नाही, कामात असतो; म्हणून स्कॅनमध्ये दिसत नाही. तो नाटक करत नाहीये हो.’’ माझे डोळेच भरून आले.

बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात. पण कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत 2013 ते 2015 दरम्यान झालेल्या अभ्यासात साधारण 30 टक्के मुलांचा त्रास महिन्यानंतरही होताच. त्यांची शाळा, खेळ, दोस्ती, मन... बारा आठवडे उलटले तरी घडी पूर्ण बसलेली नव्हती.

उपाय साधेच. पहिले एक-दोन दिवस आराम, टीव्ही-मोबाइल अगदी कमी. पण आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचं नाही. मग थोडं चालणं, थोडी शाळा. मैदान सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांना विचारूनच. बरं होण्याआधी पुन्हा डोक्याला मार बसणं वाईट. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली. त्यांनी अर्धा दिवस शाळा, कमी गृहपाठ असं जमवून दिलं. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ‘आई, खाली जातो’ म्हणाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मैत्रिणींनो, मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, उठवूनही न जाणारी गुंगी, बोलण्यात गोंधळ, हातापायात अशक्तपणा यातलं काहीही दिसलं, तर तडक हॉस्पिटल गाठा.

आणि हो, 2019 च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार चार वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. मला ते ठाऊक होतं. ‘इथेच तर जायचंय’ म्हणून घातलं नव्हतं, एवढंच. आता दाराशी किल्लीच्या खुंटीवर दोन हेल्मेटं असतात. त्याचं आधी, मग माझं.