आजाराची आणेवारी

उभे पीक पाहून जाणता शेतकरी सांगतो, यंदा एकरी उतारा किती पडेल. मागची वीस-पंचवीस पिके त्याच्या डोळ्यांपुढे असतात, म्हणून अंदाज सहसा फार चुकत नाही. मज्जातंतू झिजवणाऱ्या रोगांचीही अशीच आणेवारी संगणकाकडून काढून घेता येते. त्यातल्या एका प्रयत्नाची माहिती वाचकांसाठी येथे देत आहोत.

ए.एल.एस. नावाच्या रोगात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. कुणाची हाताची पकड सुटते, कुणाचा पाय अडखळतो, कुणाची जीभ जड होते. पुढे गिळणे कठीण होते आणि शेवटी श्वास. रोग बरा करणारे औषध नाही. बहुतेक रुग्ण लक्षणे दिसल्यापासून २ ते ५ वर्षांत दगावतात, पण सर्वांचा वेग सारखा नसतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली डॉक्टरांनी सुमारे २ वर्षांची मुदत दिली होती. ते २०१८ पर्यंत जगले! औषध शोधणाऱ्यांची अडचण हीच. नवे औषध घेतलेला रुग्ण हळू खालावला, तर तो गुण औषधाचा की त्याचा रोगच मुळात संथ होता?

या रोगात रुग्णाची स्थिती १० प्रश्नांवर मोजत. बोलणे, गिळणे, लिहिणे, कपडे घालणे, अंथरुणात कूस बदलणे, जिना चढणे, श्वास घेणे वगैरे. प्रत्येकाला ४ गुण, एकूण ४०. एव्ही क्रेमर हे स्वतः या रोगाचे रुग्ण. त्यांनी उभारलेल्या अमेरिकेतील ‘प्राइझ फॉर लाइफ’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१२ साली ५० हजार डॉलरच्या बक्षिसाची एक स्पर्धा झाली. पूर्वीच्या औषधचाचण्यांतील रुग्णांची टिपणे स्पर्धकांना दिली आणि विचारले: पहिल्या ३ महिन्यांची नोंद पाहून पुढच्या ९ महिन्यांत गुण किती वेगाने घसरतील ते सांगा. ६४ देशांतून १,०७३ जणांनी नावे नोंदवली.

संगणकाला येथे कोणी नियम शिकवत नाही. जुन्या रुग्णांची टिपणे आणि त्यांचे पुढे काय झाले ते त्याला देतात. नियम तो स्वतः हुडकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेस्टर मॅकी आणि लिली फँग या विजेत्यांनी प्रश्नांची ‘झाडे’ वापरली. अमुक गुण घटला का? हो, तर या फांदीवर. नाही, तर त्या. एक झाड थोडेसेच सांगते, पण पुष्कळ झाडांचे मत एकत्र केले की अंदाज सुधारतो. मग परीक्षा. तीही अशा रुग्णांवर, ज्यांचा पुढचा हिशेब संगणकाला दाखवलेलाच नाही. नाही तर ते नुसते पाठांतर झाले असते.

२०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन पद्धतींचे अंदाज या रोगाच्या तज्ज्ञ डॉक्टरांपेक्षा सरस ठरले. त्या वापरल्या तर औषधचाचणीला निदान २० टक्के रुग्ण कमी लागतील, असा हिशेब निघाला. रक्तातील युरिक अॅसिड, क्रिएटिनिन आणि रक्तदाब यांचाही रोगाच्या वेगाशी संबंध दिसला. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, तेव्हा स्नायू झिजले की ते घटणार, हे समजण्यासारखे आहे. रक्तदाबाची अपेक्षा मात्र कोणी केली नव्हती. असा संबंध दिसला म्हणजे तेच रोगाचे कारण, असे मात्र समजू नये.

दुसरी गोष्ट, चाचणीत घेतलेले रुग्ण सहसा वयाने कमी आणि तब्येतीने बरे असतात. एका शिवारातली आणेवारी दुसऱ्या शिवाराला जशीच्या तशी लावत नाहीत, तसेच हे.

घरच्यांना अशा अंदाजाचा उपयोग तयारीसाठी. गिळणे बंद पडण्याची वेळ आली तर पोटात नळी बसवतात, आणि ती श्वास फार क्षीण होण्याआधी बसवलेली बरी. घरात असा रुग्ण असेल तर एक वही ठेवावी. महिन्यातून एकदा तारीख घालून वजन, जेवायला लागलेला वेळ, ठसका, जिना चढताना लागलेली धाप लिहावी आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.