केंदाळाला कोणते पाणी मानवते?

पुस्तकात जिला जलपर्णी म्हणतात, तिला आमच्या कोल्हापूर भागात केंदाळ म्हणतात. उन्हाळ्यात पंचगंगेच्या बंधाऱ्यांवर केंदाळाचा गालिचा पसरतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, यंत्रे लावून ते काढले जाते, पावसाळ्यात उरलेसुरले वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या चक्राकडे आपण बहुतेक वेळा वनस्पतीचा उपद्रव म्हणून पाहतो. मला मात्र तो पाण्याचा प्रश्न वाटतो. कोणत्या पाण्यात काय उगवते आणि काय उगवत नाही, हे समजून घेतले तर केंदाळाचे कोडे बरेचसे सुटते. त्यासाठीच हा लेख.

माझे गाव बिद्री. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे, दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे जिल्ह्याला माहीत असलेले. वर काळम्मावाडीचे धरण, आजूबाजूला ऊस, काळ्या रानात विहिरी आणि नळ. म्हणजे पावसाचे, नदीचे, विहिरीचे, नळाचे आणि आता घरोघरी आलेल्या शुद्धीकरण यंत्राचे, अशी पाच प्रकारची पाणी एकाच गावात मिळतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. मुलांना धडा समजावा म्हणून काचेच्या बरण्यांत ही वेगवेगळी पाणी भरून त्यांत हायड्रिलाच्या सारख्या लांबीच्या फांद्या सोडायचा प्रयोग मी अनेक वर्षे करून घेतला. दिसायला पाचही बरण्या सारख्याच, पण महिनाभरात त्यांच्यातला फरक कोणालाही दाखवून द्यावा लागत नसे.

पाण्यातल्या झाडाची अडचण

जमिनीवरच्या झाडाला पाण्याची चिंता असते. पाण्यात बुडालेल्या झाडाला ती नाही, पण हवेची आणि उजेडाची आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यामुळे पानाभोवतीचा साठा संपला की झाडाला वाट पाहावी लागते. उजेडही पाण्यात खोलवर पोचत नाही. श्रावणात दूधगंगा तांबडी होऊन वाहते तेव्हा तळाशी रुजलेल्या वनस्पतींना जवळजवळ अंधारच असतो.

उरला तिसरा भाग, अन्नद्रव्यांचा. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. त्यांच्या जोडीला चुना, मॅग्नेशियम आणि थोडेसे लोह. यांतले जे गरजेच्या मानाने सर्वांत कमी, त्यावर वाढ अडते. हा नियम जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडला आणि पुढे लीबिग यांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच असल्या तरी पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते, असा त्याचा नेहमीचा दाखला. पाण्याचा प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळी फळी आखूड असलेले पिंप.

पाच बरण्या

शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. माणसाला ते गोड लागते, झाडाला ते उपाशी ठेवते. फांदी स्वतःच्या साठ्यावर काही दिवस हिरवी राहते, मग फिकटते. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव, कारण झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्यांना देते. कोवळी पानेच पिवळी आली तर लोहाची, कारण लोह असे हलवता येत नाही. उसाच्या पानावरून खताचा अंदाज करणाऱ्याला ही भाषा परकी नाही.

पावसाचे पाणीही असेच, जवळजवळ रिकामे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवले की बरेचसे उडून जाते आणि मागे उरते ते नदीचेच, गाळलेले पाणी.

विहिरीच्या पाण्याची गंमत वेगळी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात चुना आणि बायकार्बोनेट पुष्कळ असते. चहाच्या भांड्यात पांढरा थर धरतो तो याचाच. बुडालेल्या झाडांपैकी काहींना कार्बन डायऑक्साइड कमी पडला की बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो, आणि हायड्रिला त्यांतलीच. म्हणून विहिरीच्या पाण्यात ती उन्हात जोमाने वाढते. पण कार्बन काढून घेतल्यावर पाण्याची अल्कता वाढते आणि चुना पानांवरच साका धरतो. ती पाने हाताला खरखरीत लागतात. ज्या वनस्पतींना ही युक्ती साधत नाही त्या अशा पाण्यात मागे पडतात.

नदीच्या पाण्याला मात्र एकच उत्तर नाही. धरणाच्या जवळचे, गावाच्या वरचे आणि गावाच्या खालचे पाणी हे तीन वेगळे पदार्थ आहेत. गटाराच्या तोंडाखालचे पाणी बरणीत भरले की हायड्रिला वाढण्याआधी काचेवर हिरवा लेप चढतो, पाणी गढूळ हिरवे होते आणि आतल्या फांदीचा उजेडच जातो. अन्न भरपूर असूनही ती मरते. जास्त खत म्हणजे जास्त वाढ हे खरे, पण कोणाची वाढ हा प्रश्न राहतोच.

दोन टोके

महाराष्ट्रात याची दोन टोके पाहायला मिळतात. कासच्या पठारावर आणि पश्चिम घाटातल्या इतर सड्यांवर पावसाळ्यात कातळावर पाण्याची पातळ चादर असते. ते ताजे पावसाचे पाणी, त्यात नत्र आणि स्फुरद नावालाच. तिथे निळी-जांभळी फुले येतात ती सीतेच्या आसवांची. या नाजूक वनस्पतीला पाण्याखाली सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत ती बारीक जीव ओढून घेते आणि पाण्यातून न मिळणारे नत्र व स्फुरद त्यांच्यापासून मिळवते. उपाशी पाण्याने तिला शिकारी बनवले.

दुसरे टोक लोणारचे. त्या सरोवराचे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. तिथे केंदाळ तगत नाही, कारण त्याला खारे पाणी सोसत नाही. त्याऐवजी स्पिरुलिनासारखे नील-हरित सूक्ष्मजीव माजतात. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे.

आता केंदाळ

या सगळ्यात केंदाळ कुठे बसते? ते मूळ दक्षिण अमेरिकेतले, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंगालमध्ये आले आणि १९३६ मध्ये तिथे त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते आणि सोयीचे पाणी मिळाले तर एक-दोन आठवड्यांत ते दुप्पट होते.

त्याच्या यशाचे कारण वरच्या हिशेबात आहे. ते तरंगते, म्हणून कार्बन डायऑक्साइड हवेतून घेते. विहिरीच्या पाण्यातल्या झाडाची अडचण त्याला नाही. पाने पाण्याच्या वर, म्हणून गढूळपणाची पर्वा नाही. उलट तेच खालच्यांचा उजेड अडवते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. त्याच्या पिंपाच्या सगळ्या फळ्या उंच. आखूड फक्त दोन. एक, संथ पाणी. दुसरी, पाण्यातले नत्र आणि स्फुरद. पहिली फळी आपण बंधाऱ्यांनी उंच केली. पावसाळा सरला की बरगे घालतात आणि वाहती नदी तळ्यांच्या माळेसारखी होते. शेतीला याची गरज आहे, ते थांबणार नाही. म्हणून खरा प्रश्न दुसऱ्या फळीचा.

स्फुरद किती निर्णायक असते याचा प्रयोग १९७३ मध्ये कॅनडात झाला. एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण स्फुरद एकाच भागात. थोड्याच काळात तो भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला.

आपल्या नदीचा हिशेब कागदावर करून पाहू. केंदाळात सुमारे ९५ टक्के पाणी. एक टन ओल्या केंदाळात ५० किलो कोरडा भाग, आणि त्यात साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम मूलद्रव्यरूपी स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात असे स्फुरद सुमारे १० किलो असते. म्हणजे एका पोत्यातले स्फुरद जवळजवळ ५० टन केंदाळाला पुरेल. पोत्यातले सगळे नदीत जात नाही. काळी माती स्फुरद धरून ठेवते. ते जाते मुख्यतः मातीबरोबर, पहिल्या जोराच्या पावसात. नत्र मात्र पाण्यात विरघळून सहज निसटते.

दुसरा वाटा आपला स्वतःचा. माणसाच्या मलमूत्रातून रोज सुमारे दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. पाच हजार वस्तीचे गाव धरले तर रोज साडेसात किलो. ते सगळे गटारातून नदीला मिळाले तर दररोज ३५ टनांहून अधिक केंदाळाची तरतूद झाली. यात साबण, जनावरांचे गोठे आणि शहरे धरलेलीच नाहीत.

हा हिशेब केला की वरच्या अंगाच्या गावांची सुटका होत नाही. आमच्याकडे नदी अजून बरी दिसते, म्हणून केंदाळ हा इचलकरंजी-शिरोळकडचा विषय असे आम्ही मानतो. पण ते तिथे दिसते एवढेच. त्याचे अन्न वाटेतल्या प्रत्येक गावाने थोडे थोडे पाठवलेले असते. ज्या सांडपाण्यातून स्फुरद जाते त्यातूनच रोगजंतूही जातात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली होती, हे विसरता येत नाही.

मग केंदाळ काढावे की नाही? काढावेच, पण काढून काठावर कुजू देऊ नये. कुजले की त्यातले स्फुरद पहिल्या पावसात नदीत परत येते. ते लांब नेऊन त्याचे कंपोस्ट केले तर नदीतले स्फुरद शेतात परत जाते आणि तितके विकतचे खत वाचते. त्याहून स्वस्त उपाय उगमापाशी आहेत: माती परीक्षण करून खताची मात्रा ठरवणे, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखणे, गावाचे सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जिरवणे. अझोला वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन पटते. अझोला नत्र हवेतून मिळवतो, पण स्फुरद संपले की त्याची वाढ थांबते. म्हणून तो वाफ्यात मुद्दाम स्फुरद टाकतो. नदीत तेच आपण मुद्दाम न टाकता टाकत असतो.

वाचकांनी आपल्या गावी बरण्यांचा प्रयोग जरूर करावा. गावाच्या वरचे आणि गावाच्या खालचे नदीचे पाणी दोन बरण्यांत भरावे, दोन्हींत सारखी फांदी घालावी आणि त्या एकाच खिडकीत ठेवाव्यात. महिन्याभराने त्या बरण्या ग्रामसभेत न्याव्यात. प्रयोगशाळेचा अहवाल वाचायला अवघड जातो; दोन बरण्यांमधला फरक शाळेतल्या पोरालाही सांगता येतो.