शेळी अडली तर काय करावे?



निबंधात आपण सगळेच लिहितो, की शेळी हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला गरिबाची गाय म्हणतात. ते खरेच आहे. पण शेळी व्यायला लागली आणि अडली तर काय करायचे, हे निबंधात नसते. ते मी आज लिहिणार आहे. कारण शेळी व्यायच्या वेळेला घरी पुष्कळदा आपण पोरेच असतो. मोठी माणसे रानात असतात.

आमच्या घरी तीन शेळ्या आहेत. तिन्ही उस्मानाबादी जातीच्या, काळ्या. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळीच्या जातीचे नाव उस्मानाबादीच राहिले. ही शेळी पुष्कळदा जुळी करडे देते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमची चांदी शेळी व्यायला लागली. घरी मी एकटाच होतो. तिच्या मागून पाण्याची पिशवी, म्हणजे पाणमोट, दिसली आणि फुटली. मला वाटले, आता होईल मोकळी. मी दारात गोट्या खेळत बसलो. दिवस मावळताना आई आणि अण्णा आले, तेव्हा चांदी आडवी पडून नुसती कण्हत होती. दोन करडे होती. दोन्ही मेलेली निघाली. अण्णा मला काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "त्याला कुठं ठाऊक होतं?"

म्हणून मी आजीला आणि जनावरांच्या डॉक्टरांना सगळे विचारून घेतले आणि वहीत लिहून ठेवले.

दिवस मोजा. शेळी साधारण १५० दिवस, म्हणजे पाच महिने गाभण असते. चार-पाच दिवस मागेपुढे होतात. बोकड लागला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. म्हणजे कोणत्या आठवड्यात लक्ष ठेवायचे ते कळते. शेवटच्या महिन्यात शेळीने खाणे सोडले आणि ती सुस्त बसून राहिली, तर तेव्हाच डॉक्टरांना दाखवावे. पोटात जुळे असले की असे होऊ शकते.

चिन्हे ओळखा. कास भरते. सड टरारतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. शेळी कळप सोडून बाजूला जाते, पायाने जमीन उकरते, सारखी उठबस करते, मागे वळून बघते आणि ओरडते. मागून चिकट शेंबडासारखे लोंबू लागते. मग कळा सुरू होतात आणि पाणमोट दिसते. पाणमोट आपण फोडू नये. ती आपोआप फुटते.

करडू कसे येते ते बघा. बरोबर येणाऱ्या करडाचे आधी पुढचे दोन पाय दिसतात. खुरांचे तळवे खाली असतात आणि पायांवर नाक टेकलेले असते. आजी म्हणते, "विहिरीत सूर मारणाऱ्या पोरावानी." असे दिसले तर हात लावू नका. शेळी आपली आपण विते. गर्दी करू नका, कुत्रे हाकला, एवढेच काम.

घड्याळ बघा. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे. मी इथेच चुकलो होतो. पाणमोट फुटल्यावर किंवा जोराच्या कळा सुरू झाल्यावर अर्धा तास थांबावे. अर्ध्या तासात काहीच पुढे सरकले नाही तर शेळी अडली असे समजावे आणि मोठ्या माणसाला हाक मारावी. पहिल्या करडानंतर शेळी जोराने कळा देत असेल आणि दुसरे येत नसेल, तरी हाच नियम.

पुढीलपैकी काही दिसले तर अर्धा तासही थांबू नये :

१. नाक दिसते, पण पाय एकच दिसतो.
२. डोके बाहेर आले, पाय एकही नाही.
३. नुसती शेपटी दिसते.
४. तीन पाय दिसतात. म्हणजे दोन करडे एकदम वाटेत आली.
५. घाण वास येतो किंवा रक्त फार जाते.

कधी तळवे वर असलेले दोन पाय दिसतात. ते मागचे पाय असतात. असे उलटे करडूसुद्धा जन्मते, पण तिथे उशीर चालत नाही. कारण नाळ दाबली जाते आणि करडाचे डोके अजून आतच असते.

ओढू नका. एकच पाय दिसतो तेव्हा दुसरा आत दुमडलेला असतो. बाहेरचा पाय ओढला की करडू हाडांच्या वाटेत आणखी घट्ट अडकते. शेळीची आतली पिशवी फाटू शकते. मग करडूही जाते आणि शेळीही जाते.

आता यंदाचे सांगतो. चांदीला २९ जानेवारीला बोकड लागला. १५० दिवस मोजले तर २८ जून आला. ती २७ जूनलाच व्यायला लागली. शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मी घरी आलो होतो. पेरणीमुळे आई-अण्णा रानात होते. घरी आजी होती, पण तिला कमी दिसते. बारा वाजून दहा मिनिटांनी पाणमोट फुटली. थोड्या वेळाने मला नाक आणि एकच पाय दिसला. मी आजीला सांगितले. शेजारचे एक काका आले आणि म्हणाले, "वढा त्यो पाय, सुटंल." आजीने त्यांना हात लावू दिला नाही. ती मला म्हणाली, "तू आधी डॉक्टरला फोन लाव."

डॉक्टर पाऊण तासाने आले. मला तो पाऊण तास फार मोठा वाटला. त्यांनी हात साबणाने धुतले, हातमोजे घातले, त्यांना तेल लावले. कळ थांबली की त्यांनी करडू हळूच आत सरकवले आणि दुमडलेला पाय बोटांनी सरळ केला. मग कळ आली की तेवढ्यापुरते ओढायचे, तेही खाली, शेळीच्या मागच्या पायांकडे. कळ थांबली की तेही थांबायचे. तीन कळांत करडू बाहेर आले.

पण ते हलेना. डॉक्टरांनी त्याचे नाक-तोंड पुसले, डोके खाली धरले, नाकात गवताची काडी फिरवली. मला म्हणाले, "पोत्यानं चोळ, घाबरू नको." मी चोळत राहिलो आणि ते शिंकले! वीस मिनिटांनी दुसरे करडू आपले आपणच झाले. एक पाठ आणि एक बोकड.

व्याल्यानंतर काय करावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. करडाला तासाभराच्या आत चीक पाजावा. चीक फेकून देऊ नये, त्यातूनच करडाला रोगाशी लढायची ताकद मिळते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात थोडा थोडा करून निदान २०० मिलिलिटर चीक मिळावा. शेळीला कोमट पाणी द्यावे. वार आपोआप पडते. ती ओढू नये, तिला दगड बांधू नये. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. पडलेली वार खोल पुरावी, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

आणखी एक. माझी काकू पोटुशी आहे. आजीने तिला गोठ्यात येऊ दिले नाही. डॉक्टर म्हणाले, हे बरोबर केले. शेळ्यांच्या गाभ टाकण्याच्या काही रोगांचे जंतू माणसालाही लागतात. म्हणून मेलेले करडू किंवा वार उघड्या हाताने कोणीच उचलू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

जाताना डॉक्टर अण्णांना म्हणाले, "पोरानं वेळेवर फोन केला, म्हणून दोन्ही करडं हाती लागली." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पशुसंवर्धन खात्याचा फुकट फोन नंबर १९६२ आहे. तो मी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. तुमच्या घरी शेळी गाभण असेल तर तुम्हीही आजच लिहा. दिवस मोजा, घड्याळ बघा, ओढू नका, हाक मारा.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी