हरळी : अंगणात हवी, शेतात नको

गणेशचतुर्थीस ज्या दूर्वांची जुडी आपण भक्तिभावाने वाहतो, त्याच दूर्वा शेतात शिरल्या म्हणजे शेतकरी त्यांस हरळी म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. वनस्पती एकच, जागा बदलली की तिचे मोलही बदलते. घरापुढे हिरवळ असावी ही हौस आता बहुतेकांस असते, आणि ती चांगलीच आहे. परंतु आपल्या खानापूर भागात घराचे कुंपण संपले की कोणाचे तरी शेत लागते. आपली हौस शेजाऱ्याच्या गळ्याचा फास होऊ नये, म्हणून या गवताविषयी चार गोष्टी सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

या गवताचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात, दुसऱ्याचा संबंध बोटांशी. तुरा पाहिला म्हणजे बोटे पसरल्यासारखाच दिसतो. याची खरी शक्ती बियांत नसून खोडांत आहे. एक खोड जमिनीवरून सरपटते, दुसरे जमिनीखालून चालते, आणि दोहोंच्या पेरापेराला मुळे व कोंब फुटतात. म्हणूनच ओल असताना नांगराने एका काडीचे दहा तुकडे केले तर दहा नवी रोपे तयार होतात. अमेरिकेत टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी काढलेली ‘टिफवे’ ही संकरित जात १९६० साली प्रसृत झाली. तिला रुजणारे बी येत नाही, तरी कांड्यांनी ती पसरतेच. तेव्हा ‘बी नाही, म्हणजे भीती नाही’ असे कोणी समजू नये.

लावावयाची झाल्यास जागा उन्हाची निवडावी. सावलीत हरळी विरळ होते. जमीन खणून, जुन्या मुळ्या वेचून, किंचित उतार द्यावा. कणकुंबीकडच्या मुसळधार पावसात ताजी लावण वाहून जाते. तेथे पहिला जोर ओसरल्यावर लावावी. निपाणीकडील काळ्या जमिनीत पाणी तुंबते. तेथे आधी निचरा पाहावा. कांड्या चार-चार इंचांवर लावून माती दाबावी. गवत रुजल्यावर दीड-दोन इंचांवर वरचेवर कापीत राहावे.

आता आवर घालण्याविषयी. हिरवळीच्या चारी कडांस विटांची किंवा चिऱ्यांची एक फूट खोल पट्टी बसवावी, कारण जमिनीखालच्या बहुतेक कांड्या वरच्या अर्ध्या फुटात चालतात. पट्टीवरून बाहेर डोकावणारी खोडे पंधरा दिवसांनी कापावी. उपटलेली हरळी उकिरड्यावर कधीही टाकू नये. ती तेथे जिवंत राहते आणि शेणखताच्या गाडीत बसून थेट शेतात जाते. फरशीवर कडक उन्हात ती पूर्ण वाळवावी, मगच टाकावी.

शेतात शिरलीच, तर उन्हाळी नांगरट हा जुना उपाय आजही उत्तम. वैशाखातील उन्हात कांड्या वर येऊन वाळल्या पाहिजेत. नांगरामागून त्या वेचून काढल्या तर काम पक्के होते. पुढे ताग दाट पेरावा. त्याच्या सावलीत उरलेली हरळी दुबळी होते आणि जमिनीस हिरवळीचे खतही मिळते. परसातील लहान वाफ्यास पाणी देऊन एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरावे. खोल कांड्या यातूनही वाचतात. त्या हाताने काढाव्या.

तणनाशकाचा मोह अनेकांस होतो. ग्लायफोसेट हे औषध हरळीवर चालते खरे. परंतु २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ते माणसांत ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले, आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले. जेथून पूजेच्या दूर्वा खुडल्या जातात, मुले खेळतात, गाईगुरे चरतात, तेथे ते नकोच.

मात्र सगळीकडून हरळीचे उच्चाटन करा, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या तांबड्या मातीचे बांध पावसात ढासळतात. त्यांस हीच हरळी धरून ठेवते. बांधाच्या माथ्यावर ती राहू द्यावी. चिखलणीपूर्वी शेताकडची बाजू तेवढी फावड्याने तासावी.

हरळी खणून काढण्याचे काम घरोघरी बहुधा आई-आजीच्या वाट्यास येते. दिवसभर ओणवे राहून त्यांची कंबर धरते. कुंपणापाशी महिन्यातून दोन वेळा अर्धा तास आपण दिला, तर आपल्या घरातील आणि शेजारच्या घरातील त्या माउलींचे अनेक दिवसांचे कष्ट वाचतील. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हिरवळीची कड एकदा पाहून घ्यावी, एवढीच आमची विनंती.