डोंगरावरचा दवाखाना

रोगी आणि वैद्य यांच्यामधील अंतर कोसांनी मोजण्याचा आपला प्रघात आहे. दवाखाना किती लांब, रस्ता पक्का की कच्चा, एवढे विचारले की आपले समाधान होते. परंतु अरण्यात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत याहून मोठे असे एक अंतर असते. ते अविश्वासाचे होय.

म्हैसूरच्या आग्नेयेस बिळिगिरी रंगनाचे डोंगर आहेत. १९९७ पर्यंत हा मुलूख म्हैसूर जिल्ह्यातच मोडत असे; आता तो चामराजनगर जिल्ह्यात आहे. तेथील सोलिग लोक मध व कंदमुळे गोळा करीत, डोंगरउतारावर नाचणी पिकवीत आणि रंगनाथाला आपला भावोजी मानीत. १९७४ साली येथे अभयारण्य झाले. फिरती शेती थांबली, घरे हलली. अशा लोकांना बाहेरून आलेल्या माणसाचे भय वाटावे, यात नवल ते काय?

डॉ. एच. सुदर्शन येथे आले, तेव्हा त्यांना पाहून लोक प्रथम रानात पळत. औषधाच्या पेटीने जे साधले नाही, ते सर्पदंश आणि अस्वलाच्या जखमा यांवरील उपचारांनी हळूहळू साधले. १९८१ मध्ये ‘विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र’ स्थापन झाले. दवाखान्यापाठोपाठ शाळा आली. आणि खरा बदल घडला तो सोलिग मुलीच परिचारिका होऊ लागल्या तेव्हा.

याचे महत्त्व सिकलसेल या आजारावरून ध्यानात येईल. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. सांधे ठणकतात, अशक्तपणा येतो. आई व वडील या दोघांकडूनही दोष आला, तरच मुलाला हा आजार जडतो. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी इष्ट असते. परंतु सोयरिकीसारख्या नाजूक गोष्टीत परक्याचा सल्ला कोण ऐकणार? तेथे घरोब्यातील मुलीचाच शब्द चालतो.

महाराष्ट्रातील अनुभवही निराळा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून रुग्णालयास खेड्याचे रूप दिले आणि दंतेश्वरी देवीचे नाव ठेवले. गावातील स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, तेव्हा बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने त्याचा वृत्तांत जगापुढे मांडला.

तथापि आरोग्य दवाखान्यातच संपत नाही. २०११ साली बिळिगिरीच्या सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले, आणि ही घटनाही आरोग्याच्या इतिहासातीलच समजली पाहिजे. ज्याला आपल्या रानातील मध आणि कंद घेण्याची मोकळीक नाही, त्याला औषधाच्या गोळीने किती काळ निरोगी ठेवता येईल? शासन इमारत बांधील, औषधेही पुरवील. परंतु तिचा दरवाजा लोकांनी आपला मानला, तरच तो उघडा आहे असे म्हणता येईल.