किती सेकंदांनी बंद पडली?

सेल्फ मारला की इंजिन लगेच धरतं, क्षणभर गुरगुरतं आणि गप्प होतं. पुन्हा चावी फिरवावी तर पुन्हा तेच. जुनी मारुती ८००, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसिडर सांभाळणाऱ्या घरांत हा प्रकार चांगलाच ओळखीचा. मग अंदाजाने एकेक गोष्ट बदलली जाते. आधी बॅटरी, मग प्लग, मग कॉइल. पैसे जातात आणि गाडी जिथल्या तिथे.

खरं म्हणजे जी गाडी क्षणभर का होईना चालू झाली, तिने बरंच काही सांगून टाकलेलं असतं. बॅटरीत दम आहे, स्टार्टर फिरतोय, कॉम्प्रेशन आहे, प्लगवर करंट येतोय आणि थोडं तरी पेट्रोल पोहोचलंय. मग मध्येच काय तुटलं? करंट, पेट्रोल की हवेचं प्रमाण? गाडी नेमकी कधी बंद पडली, हे नीट पाहिलं तर याचं निम्मं उत्तर बॉनेट न उघडताच मिळतं.

चावी स्टार्टवर धरली असताना इंजिन पेटतं आणि हात सोडताच मरतं, असं असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइल पूर्ण बारा व्होल्टवर सतत चालण्यासाठी केलेली नसते, म्हणून तिच्या वायरीत एक रेझिस्टर घातलेला असतो. सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून थेट कॉइलला जातो आणि चावी सोडली की रेझिस्टरमधून. तो जळाला असेल, किंवा इग्निशन स्विचचा आतला कॉन्टॅक्ट झिजला असेल, तर हात सुटताच करंट तुटतो. कॉइलच्या प्लस टोकाला टेस्ट लॅम्प लावा. सेल्फ मारताना लागला आणि चावी सोडताच विझला, तर निदान झालं. यात कार्बोरेटर खोलण्याचं काहीच कारण नसतं, पण बहुतेक वेळा आधी तोच खोलला जातो.

दहा-वीस सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त वेळ बरी चालून गाडी आचके देत बंद पडत असेल, तर गोष्ट वेगळी. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं, ते संपेपर्यंत इंजिन चालतं. मागून नवीन पेट्रोल येत नाही. अशा वेळी पाइप, फिल्टर आणि एसी पंप, म्हणजे इंजिनच्या कॅमवर चालणारा यांत्रिक पंप, तपासायचा. कॉइलची मधली वायर काढून ती इंजिनच्या धातूला अर्थ करा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या यायला हव्यात. इंजिन गार हवं आणि जवळपास ठिणगी नको. पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिक बाहेर काढून वास घ्या. ऑइल पातळ झालंय, पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा दर्प येतोय, तर गाडी पुन्हा चालू करू नका. आधी पंप बदला, मग ऑइल.

हल्ली यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. कार्बोरेटरच्या जमान्यातले रबरी पाइप आणि पडदे यासाठी केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे बारीक कण जेटमध्ये अडकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ओल शिरली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. पेट्रोल ओढणाऱ्या पाइपचं तोंड तळाजवळच असतं. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुण्याला पर्याय नाही.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार मात्र आयडलिंगची. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला तर गाडी छान चालते, पाय काढला की बंद. कारण आयडलिंगला पेट्रोल वेगळ्या वाटेने येतं, स्लो जेटमधून. या जेटचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. रांगोळीचा एक कणही ते बुजवायला पुरतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या झोताने साफ करावा. तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट कायमचा बिघडला. मारुती ८००च्या कार्बोरेटरवर एक सोलेनॉइडही असतो. चावी ऑन केल्यावर त्याचा टक् असा आवाज यायला हवा. आला नाही, तर आधी त्याची वायर आणि फ्यूज पाहा. जेट आणि सोलेनॉइड दोन्ही ठीक असतील, तर इंजिन एअर घेतंय का हे तपासा. मॅनिफोल्डचं गॅस्केट, तडकलेले व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरचा होज, या जागी स्प्रेने थोडं पाणी मारलं आणि इंजिनचा आवाज बदलला, की गळती सापडली.

चोकचं थोडक्यात. थंडीत पातं मिटत नसेल, तर गाडी धरून सोडते. उलट ते मिटलेलंच अडकलं, तर काळा धूर निघतो, प्लग काजळीने भरतात आणि पेट्रोल ओव्हर होतं. प्लग काढून पाहिला की दोन्हींतला फरक कळतो.

२००० सालच्या प्रदूषण नियमांनंतर मारुती ८००लाही एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, आलं. अशी गाडी दर वेळी ठरावीक दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर संशय चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरवर घ्या आणि दुसरी चावी लावून पाहा. चावी ठीक असेल, तर थ्रॉटल बॉडीत आणि आयडल व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन पाहा.

मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं. कुर्ल्यात घडलेली पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेली. नुसत्या आवाजावरून कार्बोरेटरचं दुखणं ओळखणारे मिस्त्री आता कमी होत चालले आहेत, आणि नव्या गॅरेजातल्या मुलांनी इग्निशनचा पॉइंट किंवा स्लो जेट हातात घेतलेला नसतो. म्हणून फोन करताना ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. चावी सोडताच बंद पडते की पाय काढल्यावर, किती सेकंदांनी, गार असताना की गरम, आणि धूर कोणत्या रंगाचा, हे सांगा. बदललेला जुना पार्टही मागून घ्या. आणि तपासणी करताना गॅरेजचं शटर पूर्ण उघडं ठेवा. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.